मुलगा प्लास्टिक शिकायचं म्हणतोय, काय करू?

तळीकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याजवळचे. मुलाने यंदा दहावी दिली. अकरावी सायन्स, मग फर्मागुढीला इंजिनिअरिंग, असं आम्ही घरात गृहीत धरून चाललो होतो. आता चिरंजीव म्हणतात, सिपेटचा, म्हणजे केंद्र सरकारच्या प्लास्टिक शिकवणाऱ्या संस्थेचा, तीन वर्षांचा प्लास्टिक टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा करायचा. हे खूळ डोक्यात कुठून शिरलं? त्याच्या मित्राच्या बाबांचं कुंडईत प्लास्टिकच्या वस्तूंचं लहानसं युनिट आहे. सुट्टीत दोघे तिथे जाऊन मशीनसमोर तासन् तास बसायचे.

घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, सगळं जग प्लास्टिक सोडायला निघालंय आणि हा धरायला निघालाय. बायकोचं म्हणणं, त्याला आवडतंय ना, मग करू दे. माझी अडचण अशी की बादल्या, पिशव्या आणि खुर्च्या यापलीकडे मला या धंद्यातलं काही कळत नाही. आपल्या देशात या उद्योगाला पुढे दम आहे की बंदी येऊन बसणार? आणि गोव्यात राहून काही करता येतं का? जाणकारांनी सांगावं.

काडीपेटी
पहिला नंबर माझा. सतरंजी अंथरली आहे. चहा सांगा कोणीतरी, फक्त प्लास्टिकच्या कपात नको. १ जुलै २०२२ पासून बंद आहेत म्हणे. म्हापशाच्या बाजारात अजून ही बातमी पोचायची आहे.

झाडमाणूस
तळीकाठ, राग मानू नका, पण आईंचं ऐका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८-१९ च्या अहवालात माणशी प्लास्टिक कचऱ्यात गोवा देशात पहिला होता, दिवसाला सुमारे ६० ग्रॅम. देशाची सरासरी ८. आपल्या चिमुकल्या राज्याने दिल्लीलाही मागे टाकलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला मिरामारला जाऊन भरतीची रेघ बघा. चपला, झाकणं, गुटख्याच्या पुड्या, जाळ्यांचे तुकडे. पुढच्या पिढीने हे आणखी बनवायला शिकावं?

वेर्णे_एक्सप्रेस
झाडमाणूस, तो ६० ग्रॅमचा आकडा मलाही पाठ आहे, पण भागाकार बघा ना. कचरा भागिले लोकसंख्या. लोकसंख्या धरतात आपली पंधरा लाख. २०१९ साली पर्यटक आले ८० लाखांच्या वर. कळंगुटच्या वाळूत पडलेली बाटली दिल्लीवाल्याची असली तरी हिशेबात ती तुमच्या-माझ्या नावावर चढते. म्हणून आपण धुतल्या तांदळासारखे आहोत असं मी म्हणत नाही, पण आकडा वापरताना तो कशाचा आहे हे बघावं.

दुसरं. मी वेर्ण्याला औषध कंपनीत पॅकेजिंगच्या क्वालिटीला आहे. तुमच्या आईंची बीपीची गोळी पट्टीवरच्या ज्या फोडात बसते तो पीव्हीसी प्लास्टिकचा. दमट हवा सोसत नाही अशा गोळीला त्यावर ओलावा अडवणाऱ्या पीव्हीडीसीचा थर. सिरपची बाटली पेट किंवा एचडीपीई, सलाइनची एलडीपीई किंवा पीपी, ही सगळी प्लास्टिकच्या जातींची नावं. हे काढून टाका आणि पणजीच्या पावसात गोळ्या कागदाच्या पुडीत ठेवून बघा. बंदी कशावर आली ती यादी कोणी वाचतच नाही. स्ट्रॉ, चमचे, ताटल्या, कानातल्या काड्यांच्या दांड्या, सजावटीचं थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरची पातळ फिल्म, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर. यातलं एकही काम शिकायला तीन वर्षं लागत नाहीत.

पेडण्याचो_बाबू
१०० मायक्रॉनखालचे बॅनर बंद आहेत? मग आमच्या नाक्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे भाऊ किती मायक्रॉनचे?

काडीपेटी
@बाबू, भाऊ जाडच असतात.

मोल्डवाला
तळीकाठ, कुंडईतलं ते युनिट माझं नव्हे, पण मी तिथून हाकेच्या अंतरावर. लिहायचा कंटाळा आहे, तरी लिहितो, कारण 'प्लास्टिक बनवतात' असं सगळे म्हणतात त्यात दोन निरनिराळे धंदे एकत्र होतात. रिफायनरीच्या मागे उभे असतात ते अजस्र कारखाने दाणा बनवतात. आम्ही पंचवीस किलोच्या गोणीतून तो दाणा आणतो, वितळवतो आणि आकार देतो. देशात आमच्यासारखे प्रक्रियावाले ३०,००० च्या वर असतील, आणि त्यातले बहुतेक माझ्यासारखेच, गाळ्यात चार मशीनं टाकून बसलेले.

पोरगा मशीनसमोर का बसून राहिला ते मला कळतं. साबुदाण्यासारखे मणी हॉपरमधून खाली जातात, स्क्रू ते तापलेल्या बॅरलमधून पुढे ढकलतो, मोल्ड, म्हणजे साचा, दणकन मिटतो, क्षणभर काही होत नाही, मग मोल्ड उघडतो आणि आठ झाकणं टपाटप खाली पडतात. पण बघायला सोपं ते करायला नाही. आमचा खरा शत्रू पाऊस. एबीएस जातीचं प्लास्टिक हवेतलं पाणी ओढतं. ऐंशी अंशांवर तीन-चार तास सुकवल्याशिवाय मशीनवर घेतलं तर तुकड्यावर चंदेरी रेघा उठतात. रात्रपाळीचा मुलगा ड्रायर लावायला विसरला की सकाळी क्रेटच्या क्रेट ग्राइंडरमध्ये. नायलॉनचं उलटं दुखणं. सुकवल्याशिवाय चालत नाही, आणि मोल्डमधून निघाल्यावर इतका कोरडा की आपटला तर तडकतो, म्हणून मग त्याला परत पाणी पाजायचं. बाकीचे लोक कोमट पाण्यात बुडवून ठेवतात. आम्ही जुलैत ट्रे नुसता उघडा ठेवतो.

पॉलिप्रॉपिलीनला, म्हणजे आमच्या पीपीला, पाण्याचं भय नाही. लहान माणूस पीपीवर जगतो. पण थंड होताना तो दीड-दोन टक्के आकसतो. शंभर मिलिमीटरचं झाकण हवं असेल तर साच्यातली पोकळी १०१.५ च्या पुढे कापावी लागते. जाड भागाला जास्त आकसतो, तिथे खड्डा पडतो. हे सगळं मोल्ड कापण्याआधी ज्याला कळतं तो माणूस गोव्यात शोधून सापडत नाही. आमचे मोल्ड वसईहून नाहीतर राजकोटहून येतात. दुरुस्तीलाही तिकडेच जातात, आणि तोवर मशीन गप्प.

काम आहे का? आहे. ऑपरेटर ओडिशा-बिहारकडून येतात, सहा महिन्यांत शिकतात आणि दुसरीकडे जातात. डोकं लावणारा माणूस टिकत नाही, कारण मुळात तो मिळतच नाही. पगाराचं मात्र खरं सांगतो. सुरुवातीला लहान युनिटमध्ये फार अपेक्षा ठेवू नये. मी स्वतः फार देऊ शकत नाही.

झाडमाणूस
मोल्डवाला, चांगलं लिहिलंत. पण ती आठ झाकणं गेली कुठे, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

मोल्डवाला
लोणच्याच्या बरण्यांवर. ती बरणी तुमच्या घरात आज मीठ ठेवायला असेल.

झाडमाणूस
हळद. पण मुद्दा तो नाही.

काडीपेटी
हाहाहा. मुद्दा तोच आहे.

ठाणे_बेलापूर
निवृत्त माणूस आहे, सध्या मुक्काम म्हापसा. नोकरी सगळी ठाणे-बेलापूर पट्ट्यात झाली, म्हणून थोडा इतिहास सांगतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली सरकावं.

आपल्याकडे प्लास्टिकचा कच्चा माल बनू लागला १९५७ मध्ये, चेंबूरला पॉलिकेम कंपनीने पॉलिस्टायरीन काढलं तेव्हा. दोन वर्षांनी कलकत्त्याजवळ रिश्र्याला पॉलिथिलीन. गंमत म्हणजे ते तेलापासून नव्हतं, अल्कोहोलपासून इथिलीन काढून बनवत. पेट्रोलियमची खरी गोष्ट आमच्या पट्ट्यात सुरू झाली. १९६८ ला नॉसिल कंपनीचा नाफ्था क्रॅकर आणि त्याच सुमारास शेजारी पॉलिओलेफिन्स कंपनीचं एचडीपीई. क्रॅकरमध्ये नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलातून निघणारा हलका भाग, आठशे अंशांच्या वर तापवून फोडतात. त्यातून इथिलीन, प्रॉपिलीन, ब्युटाडाइन निघतं. पुढचं सगळं खानदान त्या पोटचं. १९६९ मध्ये सरकारने बडोद्याला आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी काढली, पीपी तिने १९७८ मध्ये आणलं. नव्वदीनंतर हजिरा, जामनगर, हल्दिया, उत्तर प्रदेशात पाता. २००२ मध्ये आयपीसीएल रिलायन्सकडे गेली. पानिपतचा क्रॅकर २०१० चा, आणि आसामात लेपेटकाट्याला २०१६ मध्ये. नकाशा बघितलात तर समजेल की मुंबईहून वजन गुजरातेत सरकलं. नॉसिलचा तो क्रॅकर केव्हाच बंद झाला. आज तिकडे आयटी पार्क आहेत, पोरं काचेच्या इमारतीत बसतात.

तळीकाठ यांनी विचारलं दम आहे का. एकच उदाहरण देतो, पीव्हीसीचं. देशाला लागणाऱ्या पीव्हीसीतला निम्म्याहून जास्त बाहेरून येतो. शेतीचे पाइप, घरातलं पाणी, वायरीवरचं आवरण, खिडक्या, सगळं यातच. आणि हे प्लास्टिक तसं निम्मंच तेलाचं, कारण वजनाने ५७ टक्के क्लोरीन, ते मिठापासून निघतं. आपल्या जवळचा कारखाना रत्नागिरीपाशी रनपारला, फिनोलेक्सचा, समुद्राकाठी. कच्चा माल जहाजाने येतो म्हणून. ज्या देशात 'हर घर जल'चे नळ अजून टाकले जातायत तिथे पाइपचा धंदा दहा वर्षांत बसेल असं मला वाटत नाही. पिशवीचा बसला तर बसू दे.

पेडण्याचो_बाबू
काका, अल्कोहोलपासून प्लास्टिक बनायचं हे वाचून माझ्या काळजाचा ठोका चुकला. हुर्राकाला, आमच्या काजूच्या दारूला, हात लावलेला नव्हता ना कोणी?

जाता जाता जाणकारांना विचारतो. आमच्याकडे एप्रिलात हुर्राक मिनरल वॉटरच्या बाटलीतून येतो. बरा असतो का तो पोटाला?

वेर्णे_एक्सप्रेस
बाटली पेटची. दारू कंपन्याही पेटमध्ये भरतात, त्यामुळे थंड हुर्राकाला काही होत नाही. भट्टीवरचा गरम थेट ओतू नका. सत्तर-पंचाहत्तर अंशांना पेट मऊ पडतो, बाटली वेडीवाकडी होते. आणि त्यात आधी फिनेल होतं की पाणी हे माहीत नसेल तर प्रश्न प्लास्टिकचा उरत नाही.

काडीपेटी
तरीच गेल्या वर्षीचा इतका स्वच्छ लागला.

जायांची_फांती
मी म्हार्दोळ बाजूची. आमच्या भागातल्या पंचायतीच्या शेडमध्ये कचरा वेगळा करण्याचं काम आमचा महिलांचा गट करतो. या चर्चेत बनवणारे आहेत, वापरणारे आहेत, तर आमचंही ऐका.

लोक पोत्यात भरून देतात ते सगळं 'प्लास्टिक'. आमच्या टेबलावर त्याचे सात-आठ ढीग होतात. पाण्याची बाटली एकच दिसते, पण बाटली पेटची, झाकण एचडीपीईचं, वरचा कागद तिसराच. झाकणं काढायची, रिंग कापायची, लेबल सोलायचं. आमच्यात एक मावशी आहे, ती नुसतं चुरगाळून आवाजावरून सांगते पीपी की दुसरं काही. शंका आली तर बादलीत टाकतो. पीपी, एचडीपीई तरंगतात, पेट आणि पीव्हीसी तळाला जातात. भाव चांगला मिळतो स्वच्छ पेटला, त्याचा धागा होतो. दुधाची पिशवी आम्हाला आवडते, कारण ती एकाच जातीची. फक्त कोपरा पूर्ण कापून टाकू नका हो! तो नखाएवढा तुकडा आमच्यापर्यंत येतच नाही, गटारात जातो. चीर द्या आणि तुकडा लोंबता ठेवा.

खरी डोकेदुखी चिप्सची आणि बिस्किटांची पाकिटं. आत चकाकी, बाहेर छपाई, मध्ये आणखी काही, सगळं एकमेकांना चिकटलेलं. कोणी भंगारवाला घेत नाही. त्यांचे गठ्ठे होऊन ते कर्नाटकातल्या सिमेंटच्या भट्ट्यांना जाळायला जातात. आणि हल्ली नवीन फॅशन, विघटनशील पिशवी. दिसायला साध्या पिशवीसारखी, पिशव्यांच्या ढिगात मिसळली की सगळा ढीग बिघडवते. ती कारखान्यातल्या गरम खतखान्यात कुजते, तुमच्या माडाच्या आळ्यात नाही.

मुलाने शिकावं की नाही मला माहीत नाही. पण असं पाकीट बनवणारा भेटला तर त्याला आठवडाभर आमच्या शेडमध्ये बसवायचं आहे.

वेर्णे_एक्सप्रेस
जायांची_फांती ताई, दंडवत. ही चिकटवाचिकटवी उगाच नसते. एक थर ओलावा अडवतो, एक हवा, एक उष्णतेने चिकटतो. पण हल्ली सगळे थर एकाच कुळातले ठेवायचे, म्हणजे पीईवर (पॉलिथिलीनवर) पीईच, असा प्रयत्न चालू आहे. किंमत आणि टिकाऊपणा यावर गाडी अडते. आमच्या औषधाच्या फोडाला तर ॲल्युमिनियम लागतंच.

झाडमाणूस
हेच म्हणतोय मी. प्रयत्न चालू, प्रयत्न चालू. १९९६ पासून गोव्यात अविघटनशील कचऱ्याचा कायदा आहे. २०१६ ला केंद्राचे नियम आले, त्याच वर्षी साळगावचा कचरा प्रकल्प. पिशवीची किमान जाडी ५० मायक्रॉन झाली, मग ७५, मग १२०. पिशवी जाड झाली, कमी नाही झाली. उत्पादकाने आपला माल परत उचलायचा, हे कागदावर आहे. त्यातही पुनर्वापराच्या बनावट प्रमाणपत्रांचं प्रकरण केंद्रीय मंडळाच्याच तपासात निघालं. बनवणारा सुटतो आणि मावशी चुरगाळत बसते. तिच्या हातमोज्यांचे पैसे त्या पाकिटाच्या किमतीत आहेत का?

ठाणे_बेलापूर
झाडमाणूस, यावर माझं दुमत नाही. आमच्या काळात टन मोजायचे, पुढे काय होतं हा प्रश्न बैठकीत आला तर लोक घड्याळाकडे बघत.

मोल्डवाला
हातमोज्यांचा मुद्दा बिनतोड. फक्त एक भर घालतो. २०२२ च्या नियमांनी कडक पॅकिंगमध्ये, म्हणजे बरणी-बाटलीत, पुनर्वापराचा माल घालणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलंय. २०२५-२६ ला ३० टक्के, २०२८-२९ पर्यंत ६०. आता गिऱ्हाईक फोन करून विचारतं, तुझ्याकडे जमेल का? जमवणं सोपं नाही. ताईंच्या शेडमधून आलेला पीपी एका खेपेला पातळ वाहतो, दुसऱ्या खेपेला घट्ट, रंग राखाडी, आणि वास फिनेलचा. एका जातीचा माल आला तर मी घेतो, वरून दोन पैसे जास्त देतो. तो मोजायचा, गाळायचा, त्याला काय मिसळायचं ते ठरवायचं, हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. झाडमाणूस, तुम्हाला हवं ते करायलाही प्लास्टिक शिकलेलाच लागेल.

झाडमाणूस
हं. तो शिकून ताईंच्या बाजूला उभा राहणार असेल तर माझी हरकत मागे. पाकिटं बनवायला गेला तर पुन्हा येईन.

सिपेटियन
धागा उशिरा बघितला. मी छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटचा, मूळचा डिचोलीचा. मूळ प्रश्नावर कोणीच बोलेना म्हणून लिहितो.

संस्था १९६८ ची, मुख्यालय चेन्नईला, केंद्र सरकारची. दहावीनंतर दोन डिप्लोमा आहेत, दोन्ही तीन वर्षांचे. एक प्लास्टिक टेक्नॉलॉजी, म्हणजे माल, प्रक्रिया, चाचण्या. दुसरा मोल्ड टेक्नॉलॉजी, म्हणजे साच्याचं डिझाइन आणि कापणी. प्रवेश परीक्षा असते. मोल्डवाल्यांचा प्रतिसाद परत वाचा, त्यांना कोण सापडत नाही ते बघा. माझं मत विचाराल तर मुलाला दुसरा आवडतोय का ते पाहावं. ज्याला साचा कळतो त्याला प्लास्टिक बंद झालं तरी ॲल्युमिनियमचं ओतकाम आहे, रबर आहे, पत्र्याचं काम आहे. संभाजीनगरलाच साच्यांचं काम शिकवणारी इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथलंही पत्रक मागवा.

पण घाई नको. बारावी सायन्स, मग बीएस्सी केलं तरी सिपेटचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. केमिस्ट्रीत डोकं असेल तर मुंबईला आयसीटीत, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, पॉलिमरचा विभाग आहे, तिथपर्यंत पोचायला मात्र बारावीला घासावी लागेल. दहावीनंतर थेट गेलेल्यांना हाताला काम लवकर मिळतं, पण काही कंपन्यांत डिग्रीवाल्याच्या खाली अडकायला होतं. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी नोकरी करता करता पुढे डिग्री केली. गोव्यात परत यायचं तर औषधाचं पॅकिंग, केबल, घरगुती सामान, वेर्णे-कुंडई-पिळर्ण इथे जागा निघतात. सुरुवातीची चार-पाच वर्षं मात्र चाकण किंवा सिल्वासाला काढावी लागतील, हे आईला आधीच सांगून ठेवा.

वेर्णे_एक्सप्रेस
सिपेटियन यांना अनुमोदन. फक्त रात्रपाळीचाही विचार करा. मशीन तापवायला वेळ लागतो, म्हणून ते बंद करत नाहीत.

तळीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाने पूर्ण धागा वाचला. मोल्ड टेक्नॉलॉजीचं वाचून डोळे चमकले, कारण तो तिथे बघायचा ते साचा उघडणंच. जायांची_फांती ताई, परवा आम्ही दोघे तुमच्या शेडमध्ये येऊ का? त्याने झाकणं वेगळी करून बघावीत अशी माझी इच्छा आहे. आईने आजपासून दुधाची पिशवी चिरायला सुरुवात केली आहे. नोकरीच्या गोष्टींपेक्षा तिला तो मुद्दा जास्त पटला.

जायांची_फांती
या की. नऊच्या आत या, नंतर गाडी येते. हातमोजे आणा, आमच्याकडे जास्तीचे नाहीत.

मोल्डवाला
तळीकाठ, माझ्याकडेही पाठवा. गुरुवारी मोल्ड बदलतो, तो दिवस बघण्यासारखा असतो. चप्पल नको, बूट घालून.

तळीकाठ
नक्की. सिपेटियन, शेवटचा एक प्रश्न, त्याच्या आईचा. संभाजीनगरला मासे मिळतात का?

सिपेटियन
मिळतात. धरणाचे असतात.

पेडण्याचो_बाबू
अरे देवा. त्यापेक्षा पोराला अकरावीला घाला.